ग्राहक, रोकड आणि वाढ : जेफ बेझोस यांच्या विचारांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी १९९७ पासून २०२० पर्यंतच्या प्रत्येक वर्षासाठी भागधारकांना लिहिलेल्या पत्रांचा परिचय करून दिला होता. ग्राहकाच्या सोयीसाठी आज पदरमोड करावी, वाढीला अग्रक्रम द्यावा आणि नफ्याची घाई करू नये, असा त्या पत्रांचा गाभा आहे. त्यावर आलेल्या प्रतिसादांत स्वतः ऑनलाइन विक्री करणाऱ्या वाचकांचा भरणा मोठा होता, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या पेठेतल्या निम्म्या दुकानांत ‘ग्राहक हा राजा’ अशी पाटी टांगलेली आहे. बेझोस यांनी त्याहून वेगळे काय सांगितले? एका परदेशी अब्जाधीशाने तेच म्हटले म्हणून त्याचे तत्त्वज्ञान कसे होते? (एक वाचक, नाशिक)

नुसते वाक्य पाहिले तर त्यात नवे काही नाही, हे आपले म्हणणे मान्य आहे. त्या वाक्याची परीक्षा होते ती ग्राहकाची सोय आणि दुकानाचा त्या दिवसाचा गल्ला एकमेकांच्या आड येतात तेव्हा. बेझोस यांच्याबाबतीत असे प्रसंग तपासता येतात, कारण त्यांतले बरेचसे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहेत.

अ‍ॅमेझॉनचे संकेतस्थळ जुलै १९९५ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते फक्त पुस्तके विकत होते. वाचकांनी लिहिलेले प्रतिकूल अभिप्राय पुस्तकाच्या शेजारीच छापायला कंपनीने सुरुवातीपासून परवानगी दिली. पुस्तक विकायचे आणि त्याच पानावर ‘हे घेऊ नका’ असेही छापायचे, हा प्रकार प्रकाशकांना खुळचट वाटला आणि एकाने तर ‘तुम्हाला तुमचाच धंदा कळलेला नाही, तुम्ही वस्तू विकता तेव्हा पैसे मिळवता’ अशा आशयाचे पत्र पाठवले. त्यावर बेझोस यांची भूमिका अशी होती की, आपली कमाई वस्तू विकण्यातून होत नसून ग्राहकाला काय घ्यावे हे ठरवायला मदत करण्यातून होते.

दुसरा दाखला २००३ च्या पत्रात आहे. एखादी वस्तू ग्राहकाने पूर्वीच घेतली असेल आणि तो विसरून पुन्हा तिच्या पानावर आला असेल, तर ‘ही आपण अमुक तारखेला घेतली आहे’ असे सांगणारी सोय कंपनीने सुरू केली. त्यामुळे विक्री किंचित घटली आणि ही घट मोजताही आली. तरीही ती सोय चालू ठेवली. जाहिरातींच्या बाबतीतही तसेच घडले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा परिणाम काही भागांत दीर्घकाळ तपासून पाहिल्यावर विक्री वाढते, पण खर्चाच्या मानाने पुरेशी वाढत नाही, असे आढळले. तेव्हा त्या जाहिराती बंद करून तो पैसा मोफत घरपोच सेवेकडे वळवण्यात आला. २००२ मध्ये आधी ९९ डॉलरच्या, मग ४९ च्या आणि अखेरीस २५ डॉलरच्या खरेदीवर टपालखर्च माफ झाला. फेब्रुवारी २००५ मध्ये वर्षाला ७९ डॉलर घेऊन दोन दिवसांत कितीही वेळा माल पोहोचवणारी ‘प्राइम’ योजना आली. सगळ्यात जास्त वेळा मागवणाराच अशी योजना घेणार आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त खर्च होणार, हे गणित कागदावर भीतिदायक होते. एकदा पैसे भरलेला ग्राहक मग दुसरीकडे पाहतच नाही, ही बाजू त्या कागदावर मांडता येण्यासारखी नव्हती.

पाटीवरच्या राजासाठी दुकानदाराने वहीत कोणत्या नावाने किती रक्कम खर्ची टाकली, हे विचारले तर बहुतेक पाट्या निरुत्तर होतील. बेझोस यांच्या वहीत ते सापडते, एवढाच माझ्या मते फरक आहे, आणि तो लहान नाही.

प्रश्न : मी बेदाणे आणि हळद ऑनलाइन विकतो. मुलाचे म्हणणे असे की, अ‍ॅमेझॉनने कित्येक वर्षे तोटा सोसून बाजार काबीज केला, तसेच आपणही दोन-तीन वर्षे तोट्यात विकू, ग्राहक जोडू आणि नफा नंतर बघू. आपला सल्ला काय? (एक वाचक, सांगली)

या एका उदाहरणाच्या आधारावर तरी तसे करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. चिरंजीवांच्या युक्तिवादात तोटा आणि रोकड या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे, आणि बेझोस यांच्या विचारांतला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग नेमका तोच आहे.

पहिल्याच पत्रात, म्हणजे १९९७ च्या, त्यांनी लिहिले की ताळेबंद देखणा दिसणे आणि भविष्यात हाती येणारी रोकड यांत निवड करायची वेळ आली तर आपण रोकड निवडू. २००४ च्या पत्रात तर त्यांनी प्रवासी वाहून नेणाऱ्या एका काल्पनिक यंत्राचे सविस्तर गणित मांडले. त्यात वर्षागणिक नफा दुपटीने वाढताना दिसतो. पण प्रत्येक नव्या यंत्रासाठी आधीच एवढे पैसे ओतावे लागतात की धंदा जितका वाढेल तितकी तिजोरी रिकामी होते.

अ‍ॅमेझॉनचे चक्र याच्या उलट फिरत होते. पुस्तक विकले गेले की ग्राहकाच्या कार्डावरून पैसे काही दिवसांत जमा होत. प्रकाशकाचे किंवा वितरकाचे देणे मात्र त्यानंतर कित्येक आठवड्यांनी फेडायचे असे, आणि माल गोदामात फार काळ पडून राहत नसे. थोडक्यात, पुरवठादाराची उधारी हेच त्यांचे खेळते भांडवल होते आणि विक्री वाढली की ते आपोआप वाढत होते. वहीत तोटा दिसत असतानाही हातात पैसा फिरता राहू शकला, याचे एक मोठे कारण हे.

आता आपल्या मालाकडे पाहावे. द्राक्षे सुकवून बेदाणा तयार होतो तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात तो घ्यायचा, शीतगृहात ठेवायचा, त्याचे भाडे भरायचे आणि सणासुदीपर्यंत थोडाथोडा विकायचा. शेतकऱ्याचे पैसे आधी जातात, ग्राहकाचे शेवटी येतात. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ असेल तर कुरिअर कंपनीकडून हिशेब होईपर्यंत आणखी उशीर, आणि दारातून परत आलेल्या पार्सलाचे जाण्यायेण्याचे भाडे आपल्याच माथी. हळदीचेही फार वेगळे नाही. अशा धंद्यात विक्री दुप्पट करायची म्हणजे हंगामात दुप्पट रोकड आधी उभी करायची. वर तोट्यात विकायचे म्हटले तर ती रोकड परतच येणार नाही. आपल्याकडे वाढ पैसा आणत नाही, खाते.

दुसरी बाब दैवाची आहे आणि यशोगाथांत तिचा उल्लेख सहसा येत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अ‍ॅमेझॉनने युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांची घसरण सुरू झाली. डिसेंबर १९९९ मध्ये शंभर डॉलरच्या वर गेलेला अ‍ॅमेझॉनचा समभाग २००१ मध्ये सहा डॉलरच्या आसपास आला. २००० या एका वर्षाचा तोटा सुमारे १४० कोटी डॉलर होता. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने तेराशे लोकांना घरी पाठवले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पहिला नफा दाखवला, तो जेमतेम ५० लाख डॉलर. पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ चा. ते रोखे दोन महिने उशिरा विकायला काढले असते तर आज आपण या माणसाच्या पत्रांवर बोलत असतो की नाही, याची मला शंका आहे. त्याच काळात त्याच तत्त्वावर चाललेल्या कितीतरी ऑनलाइन दुकानांना टाळे लागले. त्यांच्या मालकांनी भागधारकांना काय लिहिले होते, ते कोणी शोधून वाचत नाही.

राहिला सवलतीने जोडलेल्या ग्राहकांचा मुद्दा. १९९८ च्या पत्रात बेझोस यांनी लिहिले आहे की, ग्राहक आपल्याशी एकनिष्ठ असतात ते दुसरा कोणी अधिक चांगली सेवा देईपर्यंतच, आणि म्हणून कर्मचाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांना भिण्याऐवजी ग्राहकांना भ्यावे. किलोमागे चाळीस रुपये कमी म्हणून आलेले गिऱ्हाईक पंचेचाळीस रुपये कमी करणाऱ्याकडे जाईल. बेदाण्याची प्रतवारी, ओलावा आणि वेष्टन यांवर तेवढाच खर्च केलात तर तो निदान दुसऱ्याला सहज उचलता येणार नाही.

प्रश्न : आम्ही आंबा आणि आंब्याचे पदार्थ एका मोठ्या बाजारमंचावर विकतो. कमिशन जाते ते जाते, शिवाय आमच्याच वस्तूच्या पानावर दुसरा विक्रेता स्वस्तात दिसतो. ग्राहकाचा एवढा विचार करणाऱ्यांच्या लेखी विक्रेत्याला स्थान आहे की नाही? (एक वाचक, रत्नागिरी)

स्थान आहे, पण ते साधनाचे आहे. बेझोस यांची वाढीची मांडणी वर्तुळाकार होती. किंमत कमी आणि सोय चांगली असली की ग्राहक येतात; ग्राहक आले की विक्रेते येतात; विक्रेते आले की वस्तूंची निवड वाढते, गोदाम आणि वाहतूक यांचा खर्च जास्त मालावर वाटला जातो आणि किंमत आणखी उतरते. या वर्तुळात विक्रेता हा एक टप्पा आहे. ज्याच्यासाठी वर्तुळ फिरते तो ग्राहक.

ही रचना कशी घडली तेही पाहण्यासारखे आहे. मार्च १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लिलाव सुरू केले, ते फसले. त्याच वर्षी बाहेरच्या विक्रेत्यांसाठी वेगळी दालने काढली, तीही चालली नाहीत. नोव्हेंबर २००० मध्ये बाहेरच्या विक्रेत्याचा माल कंपनीच्या स्वतःच्या मालाशेजारी, त्याच पानावर दाखवायचे ठरले. आपलीच खरेदी गोदामात पडून राहील म्हणून कंपनीतले खरेदी अधिकारी नाराज झाले. बेझोस यांचा निर्णय असा की, दुसरा कोणी स्वस्त देत असेल तर ग्राहकाला ते कळले पाहिजे. एकूण विक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा १९९९ मध्ये ३ टक्के होता, तो २०१८ मध्ये ५८ टक्क्यांवर गेला. आपल्याला खटकणारे पान म्हणजे त्याच निर्णयाचे अपत्य आहे, आणि ग्राहक म्हणून आपण स्वतः त्या पानाचा फायदा घेत असाल, हेही खरे.

दुकानदार, भाडेकरू विक्रेता आणि मोजमाप ठेवणारा पंच या तिन्ही भूमिका एकाच्याच हाती असणे मात्र धोक्याचे आहे, आणि ही शंका केवळ विक्रेत्यांची नाही. विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या मालाच्या फायद्यासाठी वापरल्याच्या आक्षेपावरून युरोपीय आयोगाने चौकशी केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीकडून बंधनकारक हमी घेऊन ती मिटवली. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने सतरा राज्यांसह कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला; कंपनीला ते आरोप मान्य नाहीत. आपल्याकडे परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारमंचाला स्वतःचा साठा विकता येत नाही. मंचाचा हिस्सा असलेल्या कंपनीचा मालही त्या मंचावर विकता येऊ नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट या दोघांच्या चौकशीचा आदेश दिला.

व्यवहारापुरते सांगायचे तर टिकाऊ माल, म्हणजे आंबापोळी, डबाबंद रस, मुरंबा, बाजारमंचावर ठेवावा, कारण तिथे अनोळखी ग्राहक भेटतो. ताज्या हापूसची पेटी शक्यतो थेट विकावी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी झाली नसेल तर ती करून घ्यावी आणि पेटीवर तसे छापावे. दर चैत्रात आपल्याकडेच पेटी मागणाऱ्या कुटुंबांची यादी कोणताही मंच आपल्याला देणार नाही. ती आपल्याच वहीत वाढली पाहिजे.

प्रश्न : आमच्या चपलांना सरासरी रेटिंग उत्तम आहे, तरी अधूनमधून एखादा ग्राहक कडाडून तक्रार करतो. शंभरातल्या एकाकडे किती लक्ष द्यावे? (एक वाचक, कोल्हापूर)

पुरेपूर द्यावे. आकडे आणि ग्राहकाची हकिकत यांत विसंगती आली तर बहुतेक वेळा हकिकतच खरी निघते आणि आपण मोजण्यात चुकत असतो, असे बेझोस यांचे मत आहे. २०२३ मधील एका मुलाखतीत त्यांनी त्याचा किस्सा सांगितला होता. ग्राहकाला दूरध्वनीवर साठ सेकंदांपेक्षा कमी थांबावे लागते, असे अहवाल सांगत होता आणि ग्राहक मात्र कुरकुरत होते. बैठक चालू असतानाच त्यांनी सर्वांसमोर तो क्रमांक फिरवला आणि दहा मिनिटांहून अधिक काळ कोणी उचलला नाही. ग्राहकाची तक्रारवजा ईमेल केवळ एक प्रश्नचिन्ह जोडून संबंधित अधिकाऱ्याला पाठवण्याची त्यांची सवय तर कंपनीत दहशतीची झाली होती. साहेबांचे प्रश्नचिन्ह आले की हातातली कामे टाकून मूळ कारण शोधावे लागे. लहान दुकानात इतक्या दराऱ्याची गरज नाही. माप चुकल्याची तक्रार एकाच नमुन्याबाबत दोनदा आली तर तो नमुना पुन्हा मोजेपर्यंत विक्रीतून काढावा, एवढे पुरे.

कायद्याचेही भान असू द्यावे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार बाजारमंचावरील विक्रेत्याला सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहिण्यासही मनाई आहे. आपल्या रेटिंगमध्ये घरच्या मंडळींचा हातभार असेल, तर तो थांबवावा.

प्रश्न : बेझोस म्हणतात, प्रतिस्पर्ध्याकडे पाहू नका, ग्राहकाकडे पाहा. ते स्वतः तसे वागले का? (वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे)

नेहमी नाही. अमेरिकेत लहान मुलांचे डायपर ऑनलाइन विकणारी एक कंपनी आईवडिलांमध्ये लोकप्रिय झाली, तेव्हा अ‍ॅमेझॉनने डायपरच्या किमती झपाट्याने खाली आणल्या. २०१० मध्ये ती कंपनी सुमारे ५४ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१७ मध्ये बंद केली. जुलै २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे बेझोस यांना याच प्रकरणावर प्रश्न विचारले गेले. किंमत उतरली तेव्हा ग्राहकाचे भले झाले, एक चांगले दुकान नाहीसे झाले तेव्हा झाले का, हा प्रश्न त्यांच्या पत्रांतून सुटत नाही. अभ्यास करताना पत्रे आणि चौकशीची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावीत, असे सुचवेन.

प्रश्न : भिवंडीजवळच्या एका गोदामात मी पॅकिंगचे काम केले आहे. एका दिवसात माल पोहोचवायच्या हौसेचा भार कोणावर पडतो, हे तिथे कळते. या विचारात कामगार कुठे आहे? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

बराच काळ तो जवळजवळ कुठेच नव्हता. ग्राहक, भागधारक आणि नवे शोध यांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या या पत्रांत कामगार ठळकपणे येतो तो मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून लिहिलेल्या शेवटच्या पत्रात, एप्रिल २०२१ मध्ये. अलाबामातील बेसेमर येथील गोदामात कामगार संघटना असावी की नाही यासाठी नुकतेच मतदान झाले होते. निकाल संघटनेच्या विरोधात गेला होता, तरी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आपण अधिक चांगले काही केले पाहिजे, अशी कबुली त्यांनी त्या पत्रात दिली आणि जगातील सर्वोत्तम व सर्वांत सुरक्षित कामाची जागा होण्याचे ध्येय मांडले. तेव्हा कंपनीत सुमारे तेरा लाख माणसे काम करत होती. ग्राहकाला वाहिलेली पहिली पत्रे आणि ही कबुली यांत दोन तपांचे अंतर आहे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील गोदामात कामगारांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला.

आपला प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत मोलाचा वाटला. घरपोच वस्तू एक दिवस लवकर आली तर काही बिघडत नाही असे म्हणणारे ग्राहक भेटतात, एक दिवस उशिरा आली तरी चालेल असे म्हणणारे विरळ. आणि वेगाची किंमत ग्राहकाला बिलावर दिसत नसल्याने ती कोण भरतो हे त्याला विचारावेसेही वाटत नाही.

प्रश्न : पैठणी आणि हातमागाच्या साड्यांचे माझे छोटे ऑनलाइन दुकान आहे. मोठे विश्लेषण मला जमणार नाही. दरमहा एकच आकडा लिहायचा तर कोणता लिहू? (एक वाचक, येवला)

जुन्या ग्राहकांच्या मागण्यांचे एकूण मागण्यांशी प्रमाण. १९९७ च्या पत्रात बेझोस यांनी विक्री, ग्राहकसंख्या यांबरोबर हा आकडा आवर्जून दिला होता : वर्षभरात तो ४६ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी ग्राहकांची खाती १ लाख ८० हजारांवरून १५ लाखांवर गेली होती, म्हणजे नव्या माणसांची एवढी रीघ लागलेली असतानाही परत येणाऱ्यांचा वाटा वाढला. केवळ जाहिरातीने हे होत नाही.

आपल्या बाबतीत महिन्याचा हिशेब फसवा ठरेल, कारण पैठणी कोणी दरमहा घेत नाही. बारा महिन्यांची एकत्रित मोजणी ठेवावी आणि ती दर महिन्याला पुढे सरकवावी. त्याच ग्राहकाच्या बहिणीने किंवा जावेने घेतली तर ती मागणीही जुन्या ग्राहकाच्या नावावर धरावी; त्यासाठी मागणी नोंदवताना ‘आमचे नाव कोणाकडून कळले’ एवढे विचारून ठेवावे. लग्नसराईतला आणि दिवाळीतला आकडा वेगळ्या शाईने लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच हंगामाशी ताडून पाहता येईल.